चिखलातलं पाऊल कोट्यवधी वर्षं टिकतं म्हणजे नेमकं होतं तरी काय?

ओलीमाती:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. परवा एका तळ्याच्या काठाने चालत होते. पाणी आटत आटत बरंच खाली गेलंय आणि काठाला चिखलाचा चांगला रुंद पट्टा उघडा पडलाय, वरून सुकून भेगाळलेला पण बोटाने दाबलं तर आत अजून मऊ. त्यावर पक्ष्यांच्या पावलांच्या ओळीच्या ओळी होत्या, तीन बोटं पुढे आणि एक मागे, बगळ्याची असावीत. आणि त्या ओळींच्या मध्ये मध्ये मसुराच्या दाण्याएवढे गोल खळगे, कडा किंचित वर आलेल्या. आधी वाटलं किड्यांनी केलेत, मग लक्षात आलं की आदल्या दिवशी चार थेंब पडून गेले होते, ते पावसाचे खळगे होते. मी तिथेच बसून राहिले बराच वेळ.

घरी येऊन वाचायला बसले तर इंग्लंडमधे ऑक्सफर्डशायरच्या ड्यूअर्स फार्म खाणीतली बातमी सापडली. २०२४ मधे तिथे साधारण दोनशे डायनोसॉरच्या पाऊलखुणा उघड्या केल्या, वय १६ कोटी ६० लाख वर्षं, एक ओळ तर दीडशे मीटरपेक्षा लांब. खाणीत माती खरवडणाऱ्या यंत्राच्या चालकाला खाली काहीतरी ठराविक अंतराने उंचवटे लागतायत असं जाणवलं आणि त्यावरून हे सगळं सुरू झालं.

आता माझा प्रश्न असा की माझ्या तळ्यावरचे ठसे तर पुढच्या पावसात जाणार, दोन दिवस टिकले तरी खूप. मग तिथले ठसे कसे राहिले? हाड कठीण असतं, ते दगड होतं हे समजू शकते, पण पाऊल म्हणजे तर नुसता खड्डा, वस्तूच नाही ती! आणि नुसत्या खड्ड्यावरून हा प्राणी कोणता, किती वेगाने चालला हे लोक इतक्या खात्रीने कसं सांगतात? ज्यांनी यात अभ्यास केलाय त्यांनी जरा सविस्तर सांगाल का, अगदी मुळापासून सांगितलंत तरी चालेल.

खडकाळ_वाट:

खूप छान प्रश्न आहे, आणि तुम्ही तळ्यावर बसून राहिलात ते वाचून बरं वाटलं, कारण या विषयाची सुरुवात तिथूनच होते. मी भूगर्भशास्त्र शिकलोय आणि गाळाचे खडक हाच माझा विषय होता त्यामुळे मला जमेल तसं सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे तुमचं म्हणणं बरोबर आहे, बहुतेक ठसे जातातच. लाखातला एखादा राहतो. पण एक प्राणी आयुष्यात लाखो पावलं टाकतो आणि हाडं मात्र त्याची एकदाच पडतात, म्हणून एकेक ठसा टिकणं दुर्मिळ असूनसुद्धा एकूण ठसे भरपूर सापडतात.

आता टिकतो तो का टिकतो. चिखल फार पातळ असेल तर पाऊल उचललं की तो परत भरून येतो, फार कोरडा असेल तर उमटतच नाही, म्हणजे वेळ साधावी लागते. मग तो सुकायला थोडा वेळ मिळायला हवा. तळ्याकाठी किंवा भरती-ओहोटीच्या पट्ट्यात चिखलावर एक हिरवट-काळपट चिकट पापुद्रा धरतो बघा, तो नुसता शेवाळाचा नसतो, त्यात सूक्ष्म जिवाणूंचं अख्खं जाळं असतं आणि ते मातीचे कण एकमेकांना बांधून ठेवतं. ठशावर हा पापुद्रा वाढला की ठसा एकदम घट्ट होतो, कित्येकदा त्यात चुन्याचे कण धरतात आणि वरचा थर सिमेंटसारखा होतो. पुढच्या वेळी गेलात की पाण्याच्या कडेला नखाने हलकेच खरवडून बघा, माती भुसभुशीत न सुटता चामड्यासारखी सोलून आली तर तो हाच.

यानंतर वरून नवा गाळ यायला हवा, आणि तो हळू यायला हवा. जोराचा लोंढा आला तर ठसा वाहून नेईल, पण पूर ओसरताना संथ पाण्यातून वाळू किंवा बारीक माती खाली बसली तर ठसा भरून निघतो. शक्यतो वरचा गाळ खालच्यापेक्षा वेगळा हवा. खाली चिखल आणि वर वाळू असं असेल तर दोन्ही दगड झाल्यावरसुद्धा त्यांच्यात एक सांधा राहतो, आणि कोट्यवधी वर्षांनी छिन्नी लावली की तिथेच उकलतो. पुस्तकाचं पान उलटावं तसं एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला त्या खड्ड्याची ओतीव प्रत मिळते. कित्येक ठिकाणी खालचा मऊ थर झिजून जातो आणि फक्त वरची ओतीव प्रत उरते, म्हणजे गुहेच्या छतातून पावलं खाली लोंबतायत असं दिसतं.

मग थरावर थर साचत जातात, ओझ्याने पाणी पिळून निघतं, जमिनीतल्या पाण्यातून येणारा चुना किंवा सिलिका कणांच्या मधल्या जागेत बसते, आणि झाला दगड. तुम्ही म्हणालात ना की खड्डा ही वस्तूच नाही, तर तसं नाही. वस्तू म्हणजे तो थर आहे, आणि त्या थराला जो आकार आला तो त्याच्यासकट दगड झाला.

आणखी एक गोष्ट सांगतो जी मला स्वतःला शिकताना फार उशिरा कळली. पाऊल फक्त वरच्या पृष्ठभागावर उमटत नाही. वजन खाली जातं, त्यामुळे खालचे पातळ थरसुद्धा वाकतात, एकाखाली एक, खाली खाली पुसट होत गेलेले. कधी कधी वरचा खरा ठसा झिजून जातो आणि आपल्याला सापडतो तो खालचा, ज्याला प्राण्याचा पाय प्रत्यक्ष लागलेलाच नसतो! अशा ठशात बोटं जाडी, गोलसर दिसतात, नखं दिसत नाहीत, आणि अनुभव नसेल तर कोणीही त्याला वेगळाच प्राणी म्हणून नाव देऊन मोकळा होईल.

नावावरून आठवलं, पाऊलखुणांना वेगळी नावं देतात, प्राण्याचं नाव देत नाहीत, कारण पायाच्या आकारावरून गट कळतो पण नेमकी जात क्वचितच कळते. ड्यूअर्स फार्मला जे लांब मानेच्या प्राण्याचे ठसे आहेत ते सेटिओसॉरसचे असावेत असं म्हणतात कारण त्याच काळातल्या खडकांत त्याच भागात त्याची हाडं सापडलीत, आणि तीन बोटांचे नखांचे ठसे मेगालोसॉरस या शिकारी डायनोसॉरचे. असावेत हा शब्द तिथे महत्त्वाचा आहे. एडवर्ड हिचकॉक या भूगर्भशास्त्रज्ञाने १८३६ मधे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या तीन बोटी ठशांचं वर्णन केलं तेव्हा त्याने ते प्रचंड मोठ्या पक्ष्यांचे मानले. डायनोसॉर हा शब्दच तेव्हा जन्माला आला नव्हता, तो आला १८४२ ला. आणि आज पक्षी हे डायनोसॉरांचेच वंशज आहेत हे कळल्यावर हिचकॉकचं निरीक्षण किती चोख होतं ते जाणवतं.

निळीशाई:

वरच्या उत्तरात बनण्याची गोष्ट पूर्ण आली, मी फक्त एवढंच सांगते की मला हाडांपेक्षा ठसे जास्त का आवडतात. हाड सांगतं की हा प्राणी मेला आणि इथे येऊन पडला, वाहत आला असेल, कोणी ओढून आणला असेल. ठसा मात्र जिवंत प्राण्याचा असतो आणि जिथे आहे तिथेच उमटलेला असतो. ती एक सकाळ असते किंवा एक दुपार.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोत व्हाइट सँड्स म्हणून जागा आहे, पांढऱ्या जिप्समच्या वाळूची, तिथे एके काळी मोठं सरोवर होतं. तिथल्या एका पायवाटेचा अभ्यास २०२० मधे प्रसिद्ध झाला, मी तो तीनदा वाचलाय. एक व्यक्ती, बाई असावी किंवा किशोरवयीन मुलगा, दीड किलोमीटरपर्यंत सरळ रेषेत चालत गेली, चिखल निसरडा होता तरी भराभर, ताशी सहा किलोमीटरच्या आसपास. मधे मधे त्या ओळीच्या शेजारी अचानक एका लहान मुलाची चिमुकली पावलं उमटतात, तीन वर्षांच्या आतलं असेल, आणि थोड्या अंतरावर परत नाहीशी होतात. म्हणजे मूल कडेवर होतं, मधेच खाली ठेवलं, जरा दम घेतला, परत उचललं. मूल कडेवर असताना दोन्ही पायांचे ठसे सारखे पडत नाहीत, एका बाजूला भार जातो, ते मोजून कळतं. तीच व्यक्ती काही तासांनी त्याच वाटेने परत आली आणि येताना मूल बरोबर नाही. जाण्या-येण्याच्या मधल्या वेळात त्या वाटेवरून एक मॅमथ (जुन्या काळचा हत्तीच्या गोतातला प्राणी) आणि एक महाकाय स्लॉथ (जमिनीवर राहणारा, आता नामशेष झालेला मोठ्या नखांचा प्राणी) आडवे गेले. मॅमथ सरळ चालत गेला. स्लॉथ मात्र माणसाच्या ठशांपाशी थबकला, मागच्या पायांवर उभा राहून वळला, बहुधा वास घेत होता, त्याचे ते गिरकीचे ठसेसुद्धा तिथे आहेत.

कुठल्या हाडातून हे कळणार होतं? मला त्या मुलाचं पुढे काय झालं हा विचार दोन दिवस सुटत नव्हता.

तसंच केनियात तुर्काना सरोवराच्या काठी, कूबी फोरा भागात, १५ लाख वर्षांपूर्वीच्या चिखलावर दोन वेगवेगळ्या मानवसदृश जातींची पावलं एकाच पृष्ठभागावर मिळाली. २०२१ ला सापडली आणि नोव्हेंबर २०२४ मधे अभ्यास आला. एक चाल आपल्यासारखी, बहुधा होमो इरेक्टस, आणि दुसरी सपाट पावलाची, अंगठा जास्त हलणारा, बहुधा पॅरान्थ्रोपस बॉइसी. या दोघांची हाडं एकाच काळातल्या थरांत मिळतात हे आधीपासून माहीत होतं, पण थर म्हणजे हजारो वर्षं, त्यात दोघं कधी समोरासमोर आले की नाही कसं कळणार. इथे मात्र तो चिखल सुकायच्या आत, म्हणजे काही तासांत किंवा फार तर काही दिवसांत, दोघंही त्याच काठावरून गेलेले आहेत.

विचारून_बघतो:

निळीशाई, तुम्ही लिहिलेलं वाचून अंगावर काटा आला, पण मला वयाबद्दल शंका आहे आणि ती मनापासून विचारतोय. व्हाइट सँड्सचे ठसे २१ ते २३ हजार वर्षांपूर्वीचे आहेत असं २०२१ मधे छापून आलं तेव्हा बरेच शास्त्रज्ञ त्यावर नाराज होते असं वाचलंय, कारण त्याआधी अमेरिकेत माणूस साधारण १३ हजार वर्षांपूर्वी, त्या क्लोव्हिस हत्यारांच्या (भाल्याची दगडी टोकं) काळात किंवा त्याच्या थोडं आधी पोचला असं मानत होते. दहा हजार वर्षांचा फरक म्हणजे थोडाथोडका नाही. ठशाचं वय तर थेट काढताच येत नाही ना, खड्ड्यात कार्बन कुठून येणार? मग कशाचं वय काढतात?

निळीशाई:

शंका अगदी रास्त आहे आणि तज्ज्ञांनी नेमकी हीच घेतली होती. ठशाचं वय निघत नाही, ठशाच्या वरच्या आणि खालच्या थरात जे असेल त्याचं निघतं, म्हणजे ठसा या दोन वयांच्या मधला. २०२१ ला त्यांनी रुपिया नावाच्या पाणवनस्पतीच्या बिया वापरल्या, बियांचे अक्षरशः गालिचे आहेत त्या थरांत. पण पाण्यातली वनस्पती कार्बन पाण्यातून घेते, आणि भूजल जुन्या चुनखडीतून आलेलं असेल तर त्यातला कार्बन आधीच म्हातारा असतो. मग बी कालची असली तरी वय हजारो वर्षं जास्त निघू शकतं. आक्षेप हा होता.

त्यावर त्यांनी वाद घालत न बसता परत काम केलं, आणि मला त्याचं फार कौतुक वाटतं. त्याच थरांतून पाइन, फर, स्प्रूस अशा झाडांचे परागकण वेगळे काढले. ही झाडं जमिनीवरची, कार्बन हवेतून घेणारी, म्हणजे त्यांना पाण्याचा तो दोष लागत नाही. एकेका नमुन्याला ७५,००० च्या वर परागकण लागले, विचार करा किती निगुतीचं काम! शिवाय क्वार्ट्झच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला ते मोजायची पद्धत असते, त्यात कार्बनचा संबंधच नाही, तीही लावली. २०२३ मधे दोन्ही निकाल आले आणि पहिल्या वयाशी जुळले. मग २०२५ मधे दुसऱ्या गटाने तिथल्या जुन्या सरोवराच्या चिखलाचे नमुने वेगळ्या प्रयोगशाळेत तपासले, त्यांचं वय साधारण २०,७०० ते २२,४०० वर्षं आलं. म्हणजे बिया, पराग, क्वार्ट्झ आणि चिखल, चार वेगवेगळ्या वाटांनी जाऊन लोक एकाच काळापाशी पोचले.

विचारून_बघतो:

हे कोणीच इतकं नीट सांगितलं नव्हतं, बातम्यांत नुसतं वय देतात. धन्यवाद. पाणवनस्पतीचा कार्बन म्हातारा असतो हे डोक्यात पक्कं बसलं आता.

भूमिती_आवडते:

वेगाचं कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो, कारण ते गणित फार सोपं आहे आणि त्यातच त्याची अडचणही आहे. आर. मॅकनील अलेक्झांडर या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १९७६ मधे जिवंत प्राणी आणि माणसं चालताना-पळताना मोजून एक सूत्र मांडलं. दोनच मापं लागतात, पावलाची लांबी आणि एकाच पायाच्या दोन लागोपाठच्या ठशांमधलं अंतर, त्याला आपण ढांग म्हणू. पावलाच्या लांबीला ४ ने गुणलं की कमरेची उंची अंदाजे मिळते. समजा तीन बोटी ठसा ६५ सेंटीमीटर आहे, म्हणजे कंबर जमिनीपासून २ मीटर ६० सेंटीमीटर वर, आपल्या डोक्याच्याही बरीच वर. आणि ढांग २ मीटर ७० सेंटीमीटर धरली तर सूत्रात घालून वेग येतो ताशी ४.८ किलोमीटर. म्हणजे नऊ मीटर लांबीचा शिकारी प्राणी आपण रोज फिरायला जातो त्या चालीने चाललाय. ढांग कमरेच्या उंचीच्या दुपटीपेक्षा कमी असेल तर चालणं, साधारण तिपटीच्या जवळ गेली तर पळणं.

पण हे सूत्र कडक जमिनीवर मोजून काढलेलं आहे, आणि ठसे तर चिखलातच उमटतात! २०२५ मधे काही संशोधकांनी गिनी फाउल पक्षी वेगवेगळ्या घट्टपणाच्या चिखलातून चालवले, त्यांचा खरा वेग व्हिडिओवरून मोजला आणि मग ठशांवरून सूत्राने काढला, तर सूत्राचा वेग खऱ्यापेक्षा बराच जास्त येत होता. म्हणजे ढांग लांब दिसली म्हणून प्राणी वेगात होता असं नाही, चिखलात पाय रुततो, पक्षी सावकाश पण लांब लांब टाकतो. तेव्हा वर मी काढलेले ४.८ सुद्धा वरचा अंदाज म्हणूनच घ्या. चिखलात चालताना आपण स्वतः कसे पाय टाकतो ते आठवा, हातात चपला घेऊन, मला तर लगेच पटलं.

अशाच प्रकारचा आधीचा एक प्रयोग होता त्यात पक्षी खसखशीच्या दाण्यांवरून चालवला आणि पाय आत रुतल्यावर काय करतो ते एक्स-रे व्हिडिओने बघितलं. बोटं आत जाताना पसरतात आणि बाहेर निघताना मिटतात, त्यामुळे वरचा ठसा आणि आतला मार्ग यात खूप फरक पडतो. ठसा म्हणजे पायाचा फोटो नव्हे, पायाची हालचाल आणि मातीचा स्वभाव दोन्ही मिळून झालेला आकार.

पानगळ:

मला एक वेगळंच विचारायचंय. उभ्या भिंतीवर डायनोसॉरचे ठसे असतात त्याचे फोटो बघितले, प्राणी भिंत चढला कसा? प्रश्न बाळबोध असेल तर सांभाळून घ्या.

खडकाळ_वाट:

अजिबात बाळबोध नाही, तिथे उभं राहिल्यावर प्रत्येकाला हेच वाटतं. प्राणी सपाट चिखलावरच चालले, भिंत नंतर झाली. चिखल दगड झाला, मग जमिनीचे तुकडे एकमेकांवर रेटले गेले, पर्वत उचलले गेले आणि आडवे थर उभे झाले. बोलिव्हियात सुक्रेजवळ काल ऑर्को म्हणून जागा आहे, सिमेंटसाठी चुनखडी काढायच्या खाणीत, किलोमीटरपेक्षा लांब भिंत आणि तिच्यावर हजारो ठसे, ६ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचे, अँडीज उचलला गेला तेव्हा ती जमीन अशी उभी राहिली. डिसेंबर २०२५ मधे इटलीतल्या स्टेल्व्हिओ राष्ट्रीय उद्यानाची बातमी आली तीही हीच. प्राण्या-पक्ष्यांचे फोटो काढायला गेलेल्या एका माणसाला डोंगराच्या कड्यावर ओळीने खड्डे दिसले. २१ कोटी वर्षांपूर्वी तो भाग भरती-ओहोटीचा चिखल होता, तिथून लांब मानेच्या डायनोसॉरांचे पूर्वज-गोतातले प्राणी कळपाने गेले, आणि आज आल्प्समुळे तो चिखल कडा झालाय. तिथे पायी पोचायला वाट नाही, ड्रोनने काम करावं लागणार. त्याच महिन्यात बोलिव्हियाच्याच कारेरास पम्पा या जागेचा अभ्यास आला, तिथे १६,६०० तीन बोटी ठसे मोजलेत, आणि त्यांच्या जोडीला पोहताना नखांनी तळ ओरखडल्याच्या खुणा आहेत.

रानवाटा:

उशिरा येतेय पण ओलीमाती यांनी पावसाच्या खळग्यांचं लिहिलंय आणि त्यावर कोणीच थांबलं नाही, म्हणून मी थांबते, कारण मला सगळ्यात मोलाचं तेच वाटलं.

पावसाच्या थेंबांचे जीवाश्म असतात. दक्षिण आफ्रिकेत २७० कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या राखेवर पडलेल्या थेंबांचे खळगे दगडात आहेत, तेव्हा जमिनीवर प्राणी नव्हते, झाडं नव्हती, हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता, आणि तरी पाऊस असाच पडत होता. २०१२ मधे काही संशोधकांनी त्या खळग्यांची मापं घेतली आणि मग आइसलँडच्या २०१० मधल्या उद्रेकाच्या राखेवर २७ मीटर उंचीवरून पाण्याचे थेंब सोडून त्यांच्याशी ताडून पाहिली. हवा जितकी दाट तितका थेंब सावकाश पडणार आणि खळगा लहान होणार, या हिशोबाने त्यांनी दाखवलं की तेव्हाची हवा आजच्या दुपटीपेक्षा दाट नव्हती. थेंबाच्या खळग्यावरून अख्ख्या पृथ्वीच्या हवेचं वजन!

टांझानियात लेटोलीला सुद्धा थेंबच आधी दिसले. १९७६ मधे तिथे काम करणारे संशोधक संध्याकाळी हत्तीच्या वाळलेल्या शेणाच्या चिपट्या एकमेकांवर फेकत खेळत होते, अँड्र्यू हिल त्यात खाली पडला आणि नाकासमोरच्या राखेच्या दगडात त्याला पावसाचे खळगे आणि प्राण्यांचे ठसे दिसले. पुढे १९७८ ला तिथेच दोन पायांवर चालणाऱ्या आपल्या पूर्वजांची ती २७ मीटरची वाट सापडली, ३६ लाख ६० हजार वर्षं जुनी. हलक्या पावसाने राख भिजली, तिच्यावरून सगळे चालले, आणि उन्हाने ती घट्ट झाली.

आणि मे २०२५ ची ऑस्ट्रेलियाची फरशी! व्हिक्टोरियात दोन हौशी शोधकांना नदीकाठी वालुकाश्माची एक फरशी मिळाली, वय साधारण ३५ कोटी ५० लाख वर्षं, आणि तिच्यावर नखं असलेल्या पावलांचे ठसे. नखं म्हणजे बेडकाच्या गोतातला प्राणी नव्हे, सरपटणाऱ्यांच्या गोतातला, पाण्याबाहेर अंडी घालणारा. त्याआधी असे सगळ्यात जुने पुरावे कॅनडातले होते, सुमारे ३२ कोटी वर्षांचे. एका फरशीने आपला सगळा गोतावळा साडेतीन-चार कोटी वर्षं मागे नेला, आणि त्या काळातलं त्या प्राण्याचं एक हाडसुद्धा हातात नाही. त्या फरशीवर सुद्धा पावसाचे बारीक खळगे आहेत, म्हणजे हे सगळं पाण्याखाली नाही तर उघड्या जमिनीवर घडलं हे त्या खळग्यांनीच सांगितलं.

ओलीमाती, तुम्ही परत गेलात तर दोन गोष्टी करा. भर दुपारी जाऊ नका, ऊन डोक्यावर असलं की सगळं सपाट दिसतं. सकाळी लवकर किंवा सूर्य मावळताना जा, नाहीतर अंधारात विजेरी जमिनीला जवळजवळ टेकवून आडवी धरा, दुपारी न दिसलेले ठसे उठून येतात. खरे जीवाश्म शोधणारेसुद्धा असंच करतात. फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवा आणि कॅमेरा सरळ वरून धरा, तिरका नको. आणि दुसरं, खळगे आणि पावलं जिथे एकमेकांवर आलीत तिथे नीट बघा. आधी कोण आलं ते कळेल. (आणि कधी खऱ्या दगडात असं काही दिसलं तर उचकटायला जाऊ नका आणि त्यात प्लास्टर ओतू नका, फोटो आणि नेमकी जागा टिपून जवळच्या संग्रहालयाला किंवा भूगर्भशास्त्र विभागाला कळवा. ठसा जागेवरून हलला की अर्धी माहिती गेली.)

ओलीमाती:

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. काल संध्याकाळी विजेरी, पट्टी आणि एक पातळ सुरी घेऊन गेले होते, आत्ता सगळं लिहून काढतेय.

विजेरी आडवी धरल्यावर खरंच दुप्पट ठसे दिसले. मोठ्या पावलांच्या मधून एक अगदी बारीक पावलांची ओळ गेली होती, ती मला पहिल्या दिवशी दिसलीच नव्हती, पावलं इतकी जवळ जवळ की तुरुतुरु गेला असणार. पाण्याच्या कडेला नखाने खरवडलं तर माती खरंच सोलून आली, हिरवट, खालून गुळगुळीत, खडकाळ_वाट यांनी सांगितलं तसं चामडं.

मग भेगांनी सुटलेला एक तुकडा उचलला, त्यात बगळ्याच्या पावलाचं मधलं बोट होतं, आणि सुरीने सावकाश मधोमध कापला. आत फिकट आणि गडद असे पातळ थर होते, मी सात मोजले. बोटाच्या खाली वरचे चार थर वाकलेले, सगळ्यात वरचा खूप, दुसरा त्याहून कमी, चौथा तर जेमतेम. पाचव्यापासून खाली सगळे सरळ. म्हणजे चौथ्या थराला पक्ष्याचा पाय लागलाच नव्हता तरी त्याला कळलं होतं वरून कोणी गेलं ते.

आणि रानवाटा, तुमचं ऐकून खळग्यांकडे बघत बसले. बगळ्याच्या ठशांत आत, अगदी बोटांच्या तळाशी, पावसाचे खळगे आहेत, म्हणजे बगळा आधी गेला आणि पाऊस नंतर पडला. त्या बारीक ओळीत मात्र उलट आहे, तिथे पावलाने खळग्याची कड मोडली आहे, दोन ठिकाणी तर अर्धा खळगा पावलाखाली गेलाय. म्हणजे तो छोटा पक्षी पाऊस थांबल्यावर आला. तीन ठिकाणी तपासलं, तिन्हीकडे तसंच.

आज पहाटे जोरात पाऊस झाला, पाणी त्या पट्ट्यावर चढलंय. कापलेल्या तुकड्याचे दोन भाग मी सावलीत वाळत ठेवलेत.